हरवलेला दीड सेंटिमीटर : साध्या लंबकाच्या एका प्रयोगाची फेरतपासणी

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढायच्या प्रयोगात तीन विद्यार्थ्यांच्या एका गटाचे उत्तर आले ९.५५ मी/से². त्या ठिकाणची ज्ञात किंमत होती ९.७९. जर्नलच्या शेवटी त्यांनी नेहमीच्या ओळी लिहिल्या : ‘टक्केवारी त्रुटी २.५. त्रुटीची कारणे : मानवी चूक, हवेचा विरोध, उपकरणांतील दोष.’ सही घेतली की प्रयोग संपला, असे त्यांना वाटत होते.

हे प्रकरण कुठल्या एका वर्गाचे नाही. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत ही चूक इतक्या वेळा होते, की ती समजावण्यासाठी एक नमुना गट उभा केला आहे. आकडे लंबकाच्या सूत्राला आणि हाताने घेतलेल्या वेळांच्या नेहमीच्या विखुरणीला धरून बसवले आहेत. वाचकाने कॅल्क्युलेटर जवळ ठेवून ते तपासत जावेत, अशी इच्छा आहे. मोजमापातली अनिश्चितता नुसती वाचून कळत नाही, हिशेब करताना ती हाताला लागते.

काय मोजले

पोलादी गोळ्याच्या वरच्या हुकाला दोरा बांधला होता आणि दोऱ्याचे दुसरे टोक दोन भाग केलेल्या बुचात घट्ट धरले होते. मीटरपट्टीने दोऱ्याची लांबी ६०.० सेंमी ठेवली. गोळा साधारण पाच अंशांच्या कोनातून सोडला, पहिली दोन-चार दोलने तशीच जाऊ दिली आणि मग २० दोलनांना लागणारा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर पाच वेळा घेतला. रीडिंग आली ३१.३८, ३१.६२, ३१.४५, ३१.५७ आणि ३१.५० सेकंद. सरासरी ३१.५०४, म्हणजे एका दोलनाचा काल १.५७५२ सेकंद. सूत्र सर्वांच्या ओळखीचे आहे : पायचा (π) वर्ग गुणिले चार, गुणिले लांबी, भागिले आवर्तकालाचा वर्ग. उत्तर ९.५४६४, म्हणजेच ९.५५.

यात बऱ्याच गोष्टी त्यांनी उत्तम केल्या होत्या आणि त्यांना त्याचे श्रेय द्यायला हवे. एकाच दोलनाचा वेळ घेतला असता, तर बटण दाबताना झालेली एक दशांश सेकंदाची चूक आवर्तकालात सहा टक्क्यांहून जास्त शिरली असती. सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात ती तेरा टक्क्यांच्या जवळ गेली असती. वीस दोलने घेतल्यावर तीच चूक वीस दोलनांत वाटली जाते. शिवाय वेळ सुरू-बंद करताना त्यांनी गोळा टोकाला असतानाचा क्षण धरला नाही, तो मधल्या खुणेवरून जातानाचा क्षण धरला. टोकाला गोळा जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे तो नेमका कधी वळला हे डोळ्याला ठरवता येत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो, तिथे क्षण धारदार मिळतो.

म्हणजे हा आळशी गट नव्हता. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते. काळजीपूर्वक काम करणाऱ्यांच्या हातून निसटलेली गोष्ट ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत गाडली जाणार होती.

अडीच टक्के म्हणजे थोडे की खूप?

जर्नल तपासताना शिक्षिकेने विचारले, “अडीच टक्के चांगले, असे का वाटले?”

“मॅडम, पाच टक्क्यांच्या आत आहे.”

“पाच टक्के कुणी ठरवले?”

त्याला उत्तर नव्हते, आणि ते असूही शकत नाही. फरक लहान की मोठा हे टक्क्यावरून ठरत नाही. आपल्या मोजमापाचा भरवसा किती आहे, त्याच्याशी तुलना करूनच ते ठरते. १६७२ साली ज्याँ रिशे हे फ्रेंच खगोलनिरीक्षक विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेले, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. दिवसाच्या १४४० मिनिटांत अडीच मिनिटे म्हणजे ०.१७ टक्के. ‘पाच टक्क्यांच्या आत’ म्हणून ती गोष्ट सोडून दिली असती, तर विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी असते आणि पृथ्वी तिथे फुगीर आहे, या विचाराला मिळालेला एक भक्कम पुरावा हातचा गेला असता. रिशे यांच्यापुढचा फरक या गटाच्या फरकापेक्षा कितीतरी लहान होता. पण त्यांचे घड्याळ त्याहूनही भरवशाचे होते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की या गटाच्या मोजमापाचा भरवसा किती?

गटाने वेळेपुढे ± ०.०१ सेकंद लिहिले होते, कारण स्टॉपवॉचचे लघुतम माप तेवढे आहे. ही समजूत फार खोल रुजलेली असते आणि ती काढून टाकायला वेळ द्यावा लागतो. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतो, पण बटण दाबणारे बोट तेवढे अचूक नसते. पाच रीडिंग बघा. सर्वांत कमी ३१.३८, सर्वांत जास्त ३१.६२. विखुरणीच सांगते, की एका रीडिंगची अनिश्चितता दहाव्या भागाच्या घरात आहे. रीतसर प्रमाण विचलन, म्हणजे रीडिंग सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप, काढले तर ०.०९५ सेकंद येते. पाच रीडिंगच्या सरासरीची अनिश्चितता त्याला पाचच्या वर्गमुळाने भागून मिळते, सुमारे ०.०४२ सेकंद. एकूण ३१.५ सेकंदांत हे प्रमाण ०.१३५ टक्के होते. आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात दुप्पट, ०.२७ टक्के.

लांबीकडे वळू. मीटरपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत, दोरा किंचित ताणला जातो, बुचाची खालची कड डोळ्यासमोर नेमकी येत नाही. या सगळ्याला मिळून एक मिलिमीटर धरणे रास्त आहे. ६०० मिलिमीटरमध्ये एक, म्हणजे ०.१७ टक्के. दोन्ही अनिश्चितता एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि वर्गमूळ काढायचे. येते ०.३२ टक्के, आणि ९.५५ च्या ०.३२ टक्के म्हणजे ०.०३.

आता उत्तर पूर्ण झाले : ९.५५ ± ०.०३ मी/से².

जर्नलमधला तोच आकडा आता वेगळे बोलतो. ज्ञात किमतीपासूनचा फरक ०.२४ आहे आणि आपली अनिश्चितता ०.०३. फरक अनिश्चिततेच्या आठपट आहे. विखुरणीच्या खेळात एखादे वेळी दुपटीएवढा फरक पडतो, क्वचित तिपटीएवढाही. आठपट फरक नशिबाने पडत नाही. काहीतरी ठोस बिघडले आहे आणि पाचही रीडिंगमध्ये ते एकाच दिशेने बिघडले आहे. टक्केवारीने ज्या उत्तराला शाबासकी दिली होती, त्याच्याबद्दल अनिश्चितता सांगते, की हे उत्तर असे सोडता येणार नाही.

गटातल्या एकाने सुचवले, आणखी रीडिंग घेऊ. सूचना स्वाभाविक आहे, पण ती इथे कामाची नाही. शंभर रीडिंग घेतली असती तर वेळेची अनिश्चितता आणखी खाली आली असती आणि उत्तर झाले असते ९.५५ ± ०.०२. चूक जागेवर राहिली असती, फक्त ती अधिक ठामपणे मांडली गेली असती. यादृच्छिक त्रुटी सरासरीत विरते. पद्धतशीर त्रुटी प्रत्येक रीडिंगबरोबर तेवढीच येते आणि सरासरीतही तेवढीच उरते.

प्रत्येक कारणाला आकार आणि दिशा विचारायची

‘त्रुटीची कारणे’ या मथळ्याखाली कारणांची यादी लिहिण्याची पद्धत बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण लिहायचे असेल तर दोन गोष्टी सांगाव्यात : त्यामुळे उत्तर वाढेल की कमी होईल, आणि किती. एवढे सांगता आले नाही, तर ते कारण म्हणून टिकत नाही. या गटाने नेमके तेच करायला घेतले.

त्याआधी किती आणि कुठल्या दिशेने भरपाई हवी हे ठरवले. लांबी खरोखर ६०.० सेंमी आणि गुरुत्व त्वरण ९.७९ असेल, तर २० दोलनांना ३१.११ सेकंद लागायला हवेत. लागले ३१.५०. म्हणजे ०.३९ सेकंद जास्त, सव्वा टक्का.

हात उशिरा पडला का? सुरू करताना हात जितका उशिरा पडतो, साधारण तितकाच तो बंद करतानाही पडतो, त्यामुळे बरीचशी दिरंगाई वजाबाकीत जाते. उरते ती विखुरणी, आणि ती आपण मोजली आहे. पाचपैकी सर्वांत लहान रीडिंगसुद्धा ३१.११ पेक्षा ०.२७ सेकंदांनी मोठे आहे. हात कधी लवकर, कधी उशिरा पडतो, पाचही वेळा याच बाजूला एवढा पडत नाही.

दोलने मोजताना चूक झाली का? गोळा सोडताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हणायची चूक नेहमीची आहे. पण मग प्रत्यक्षात १९ दोलने झाली असती, काल कमी भासला असता आणि उत्तर सुमारे अकरा टक्क्यांनी वाढले असते. दिशाही उलटी आणि आकारही भलताच.

स्टॉपवॉच पुढे धावत होता का? सव्वा टक्का म्हणजे दिवसाला अठरा मिनिटे. मोबाइलचे घड्याळ असे चालले असते, तर ते दुपारपर्यंत सर्वांच्या लक्षात आले असते.

झोका मोठा होता का? कोन वाढला की आवर्तकाल किंचित वाढतो, म्हणजे दिशा बरोबर आहे. वाढ किती, हे रेडियनमधल्या कोनाचा वर्ग भागिले सोळा या हिशेबाने कळते. पाच अंशांना ती ०.०५ टक्के, दहा अंशांना ०.१९ टक्के. सव्वा टक्का हवा असेल, तर झोका सगळा वेळ सव्वीस अंशांच्या आसपास राहायला हवा होता. गटाने पाच अंशांतून सोडला होता. हे कारण खरे आहे, पण इथे पुरत नाही.

हवेचा विरोध हा सर्वांचा लाडका आरोपी, म्हणून त्याच्याकडे जरा थांबून पाहू. विरोधामुळे झोका हळूहळू लहान होतो हे डोळ्यांना दिसते, आणि त्यावरून आवर्तकालही बराच बदलत असेल असे वाटते. तसे होत नाही. शंभर दोलनांत झोका निम्मा होत असेल, तर विरोधामुळे आवर्तकालात पडणारा फरक दहा लाखांत एकाहूनही कमी असतो. हवेचा दुसरा परिणाम म्हणजे उत्प्लावकता, हवेने गोळ्याला किंचित वर उचलून धरणे. पोलादाची घनता हवेच्या सहा हजार पटींहून जास्त आहे, म्हणून तो परिणाम ०.०१५ टक्क्याच्या घरात. गोळ्याबरोबर थोडी हवा इकडून तिकडे हलते, ती धरली तरी ०.०२ टक्क्याच्या आसपासच. आपल्याला उत्तरातल्या अडीच टक्के फरकाचे कारण हवे आहे. हवा निर्दोष आहे.

उरली लांबी. इथे गटाने प्रश्न उलटा फिरवला, आणि मला वाटते या प्रकरणातली ही सर्वांत चांगली चाल होती. वेळ बरोबर आणि गुरुत्व त्वरण ९.७९ धरले, तर लांबी किती असायला हवी? उत्तर : ६१.५ सेंमी. लिहिली होती ६०.०. म्हणजे १.५ सेंमी लांबी मोजायची राहिली, आणि वेळ व लांबी दोन्हींची अनिश्चितता धरली तर १.५ ± ०.२ सेंमी. मीटरपट्टीची कड झिजली असेल तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर जातात, दीड सेंटिमीटर जात नाही.

एका मुलीने टांगलेल्या गोळ्याकडे पाहिले आणि विचारले, “आपण लांबी कुठपर्यंत घेतली?”

दोरा संपतो तिथपर्यंत. सूत्रातली लांबी मात्र आधारबिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंतची असते.

उत्तर जुळले, म्हणून थांबायचे?

व्हर्निअर कॅलिपरने गोळ्याचा व्यास मोजला, शून्य त्रुटी तपासून. २.५४ सेंमी. त्रिज्या १.२७. लांबी ६१.२७ धरून पुन्हा हिशेब केला : ९.७५ ± ०.०३. ज्ञात किमतीपासून फरक ०.०४, अनिश्चिततेच्या दीडपटीहूनही कमी. गट खूश झाला आणि वही मिटायला लागला.

इथे त्यांना थांबवणे आवश्यक होते. उत्तर माहीत असलेल्या प्रयोगात सर्वांत मोठा धोका इथेच असतो. उत्तर चुकले की आपण चूक शोधतो, जुळले की शोध थांबतो. त्यामुळे जुळवणारी चूक तेवढी सापडते आणि न जुळवणारी तशीच राहते. त्रिज्या मिळवणे बरोबरच आहे, पण ते बरोबर आहे याचा पुरावा ‘उत्तर ९.७९ च्या जवळ गेले’ हा असू नये. शिवाय हरवलेली लांबी १.५ निघाली होती आणि सापडली १.२७. उरलेले सव्वादोन-अडीच मिलिमीटर अनिश्चिततेच्या आसपास आहेत, योगायोग म्हणून सोडून देता येतील असे. आणि तेवढ्यानेच ते मनात खटकतात.

ज्ञात किमतीची मदत न घेता तपासायचे असेल तर लांबी बदलायची. कितीतरी गट एकच लांबी घेऊन दहा वेळा तेच करतात. तेवढ्याच श्रमात पाच वेगवेगळ्या लांब्या घेतल्या, तर प्रयोग स्वतःच स्वतःची चूक दाखवू लागतो. गटाने दोरा ४० ते १२० सेंमीपर्यंत बदलला, प्रत्येक वेळी २० दोलने, पाच-पाच रीडिंग. मुद्दाम दोऱ्याचीच लांबी लिहिली, त्रिज्या मिळवली नाही.

| दोऱ्याची लांबी (सेंमी) | २० दोलनांचा सरासरी वेळ (से) | त्यावरून गुरुत्व त्वरण (मी/से²) |
|---|---|---|
| ४०.० | २५.९० | ९.४२ |
| ६०.० | ३१.५० | ९.५५ |
| ८०.० | ३६.२२ | ९.६३ |
| १००.० | ४०.४८ | ९.६४ |
| १२०.० | ४४.२५ | ९.६८ |

शेवटचा रकाना वरून खाली वाचा. एकाच खोलीत, एकाच दिवशी, दोरा लांब केला म्हणून गुरुत्व वाढत नाही. आकडे इकडेतिकडे उडत असते, तर विखुरणी म्हटले असते. हे ओळीने चढत आहेत. आणि लांब दोऱ्याला चढ मंदावतो आहे, जणू लांबी वाढली की त्रुटीचा वाटा कमी होतो. लांबीत कायमचा काही सेंटिमीटरांचा घाटा असेल तर नेमके असेच दिसेल : दीड सेंटिमीटर ४० मध्ये पावणेचार टक्के असतो आणि १२० मध्ये सव्वा टक्का. ज्ञात किंमत कुणाला ठाऊक नसती, तरीही या रकान्याने सांगितले असते की लांबीच्या मोजमापात काहीतरी राहिले आहे.

आता आलेख. आडव्या अक्षावर दोऱ्याची लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा वर्ग. बिंदू सरळ रेषेत बसतात, पण रेषा आरंभबिंदूतून जात नाही, थोडी डावीकडे सरकलेली असते. लांबीतला घाटा सगळ्या बिंदूंना सारखाच असल्याने रेषा सरकते, तिचा उतार बदलत नाही. म्हणून उतारावरून काढलेल्या गुरुत्व त्वरणाला गोळ्याची त्रिज्या, हूक, गाठ यांच्याशी काही देणेघेणे उरत नाही. पाच बिंदूंना सर्वोत्तम बसणारी रेषा काढली, तर उतार ४.०२६ सेकंद वर्ग प्रति मीटर येतो, त्यावरून गुरुत्व त्वरण ९.८१ ± ०.०२. ज्ञात ९.७९ त्याच्या अनिश्चिततेत बसते, आणि या वेळी ते जुळवून आणलेले नाही.

रेषा मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या डावीकडे १.६ ± ०.२ सेंमीवर छेदते. हा घाटा रेषेनेच मोजला. त्रिज्येचे १.२७ वजा केले तरी तीनेक मिलिमीटर उरतात. दोन वेगळ्या मार्गांनी दोन्ही वेळा त्रिज्येपेक्षा थोडे जास्तच मागितले जात होते, म्हणून गोळा पुन्हा हातात घेतला. दोरा गोळ्याला थेट चिकटलेला नव्हता, हुकाला बांधलेला होता. हुकाच्या कडीपासून गोळ्याच्या पृष्ठापर्यंतचे अंतर कॅलिपरने निघाले ०.२५ सेंमी. एकूण १.५२. आता ६० सेंमीच्या पहिल्या प्रयोगाची खरी लांबी ६१.५२, आणि उत्तर ९.७९ ± ०.०३.

आलेख काढून घेणारे शिक्षक पुष्कळ असतात, पण आलेख आरंभबिंदूतून ‘जायलाच हवा’ म्हणून पट्टी शून्यावर टेकवून रेषा ओढायला सांगणारेही असतात. असे केले की उतार बदलतो आणि चूक पुन्हा उत्तरात शिरते. सूत्र आरंभबिंदूतून जाते, हे खरे. आपले मोजमाप जाते की नाही, हे रेषेला ठरवू द्यावे.

लंबकाची लांबी कुठे संपते, हा जुना प्रश्न

गटाला वाईट वाटू नये म्हणून नव्हे, तर प्रश्नाचे मोल कळावे म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात.

लंबकाची ‘खरी’ लांबी थेट मोजणे अवघड आहे, हे लक्षात घेऊन ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री केटर यांनी १८१७ साली उलटा टांगता येणारा लंबक वापरात आणला. दांड्याला दोन सुरीधारी आधार, दोन्ही बाजूंनी टांगून काल सारखा येईपर्यंत वजने सरकवायची. काल सारखा झाला की दोन धारांमधले अंतर हीच लांबी. गोळ्याचे केंद्र कुठे, हूक किती, दोऱ्याचे वजन किती, हे प्रश्नच उरत नाहीत. आपल्या गटाने आलेखाच्या उताराने जे साधले, त्याचीच ही यंत्रात उतरवलेली बहीण आहे : जी लांबी नीट मोजता येत नाही, ती हिशेबातूनच काढून टाकायची.

पण तेवढ्यानेही पद्धतशीर त्रुटी संपत नाही. १९०६ साली जर्मनीतल्या पॉट्सडाम इथे क्यूनेन आणि फुर्टव्हेंगलर यांनी अशाच लंबकांनी गुरुत्व त्वरण काढले : ९.८१२७४ मी/से², अनिश्चितता ०.००००३. काम असामान्य काळजीचे होते. पुढे कित्येक दशके जगभरची गुरुत्वमापने याच आकड्याला धरून बांधली गेली. नंतर वेगळ्या पद्धतींनी मोजल्यावर कळले, की तो सुमारे ०.०००१४ ने जास्त होता, म्हणजे सांगितलेल्या अनिश्चिततेच्या जवळजवळ पाचपट. १९७१ साली आंतरराष्ट्रीय गुरुत्व जाळे नव्याने ठरवले तेव्हा तो संदर्भ बदलला. लंबकाची रीडिंग कितीही वाढवली असती, तरी ही चूक आतून दिसली नसती. ती पकडायला दुसरी पद्धत लागली, जशी आपल्या गटाला दुसरी लांबी लागली.

जर्नलमध्ये शेवटी काय राहिले

नव्या पानावर दोन उत्तरे आहेत. आलेखाच्या उतारावरून ९.८१ ± ०.०२. एका लांबीवरून, केंद्रापर्यंतचे अंतर धरून, ९.७९ ± ०.०३. दोन्ही एकमेकांशी जुळतात आणि ज्ञात किमतीशीही. कॅल्क्युलेटरवरचे सात-आठ अंक गेले. अनिश्चितता दशांशानंतरच्या दुसऱ्या घरात आहे, तर उत्तरही तिथेच संपते. ‘मानवी चूक’ हे शब्द खोडले. त्यांच्या जागी लिहिले : लांबी हुकाच्या कडीपर्यंत घेतली होती, घाटा १.५२ सेंमी, परिणाम उत्तरात अडीच टक्के घट, दुरुस्ती केली. जुने ९.५५ चे पानही फाडलेले नाही, आणि तसा आग्रह शिक्षिकेनेच धरला. चूक कुठून आली, हे त्या पानाशिवाय कळणार नाही.

पुढच्या खेपेला अनिश्चितता ०.०१ पर्यंत आणायची, असे गटाने ठरवले आहे. त्याचा हिशेब आत्ताच मांडता येतो. ६० सेंमीवर वेळेचा वाटा ०.२७ टक्के आहे आणि लांबीचा ०.१७, म्हणजे आधी वेळ सुधारायला हवी. २० ऐवजी ५० दोलने घेतली तर वेळेचा वाटा ०.११ टक्क्यावर येतो आणि लांबी पुढची अडचण होते. दोरा १२० सेंमीचा केला तर लांबीचा वाटा निम्मा होतो, दोलनाचा काल वाढल्यामुळे वेळेचा वाटाही थोडा उतरतो, आणि एकूण बेरीज ०.११ टक्के, म्हणजे ०.०१ मी/से² होते.

तिथे पोहोचल्यावर मात्र पाच अंशांचा झोका दुर्लक्षून चालणार नाही. त्याने उत्तर ०.१ टक्क्याने घटते, म्हणजे अनिश्चिततेएवढेच. दहा अंशांवर ते ०.३८ टक्क्याने घटेल, अनिश्चिततेच्या तिपटीहून जास्त. शिवाय ५० दोलने होईपर्यंत झोका लहान होत जातो, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन्ही कोन कोनमापकाने मोजून तक्त्यात लिहावे लागतील. त्यासाठी निरीक्षण तक्त्यात दोन रकाने वाढवले आहेत.